हातवालीची सून

मेंढ्या व्यायला लागल्या की त्या घरात माणसांची विचारपूस बंद होत असे. केलेला चहा चुलीपाशी गार होई, अंथरुणं दुपारपर्यंत तशीच पसरलेली राहत, आणि बोलणं म्हणजे नुसतं "बादली आण", "गवत टाक", "ती काळी बसली बघ". थंडी सरत आली होती, पण वारा अजून बोचरा होता आणि अंगणात पोटरीपर्यंत चिखल. नेमके याच दिवसांत घरच्या सुनेचेही दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. मेंढ्यांनी आणि हिनं आपसात ठरवूनच वेळ साधली की काय, असं तिचा नवरा म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर एकटाच हसायचा.

नवऱ्याला सगळे फावड्या म्हणत. हात खरंच तसे रुंद. दगड रचायला, गवताच्या पेंढ्या फेकायला असा गडी शोधून सापडला नसता. पण अडलेल्या मेंढीपाशी त्या हातांचा काडीचा उपयोग नव्हता. तिथं त्याच्या आईचाच हात लागे. लहानसा, निमुळता, बोटं लांब. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तिला हातवाली म्हणत, आणि कोणाची मेंढी अडली की लोक चिखल तुडवत तिला न्यायला येत. ती मेंढीच्या मागं गुडघे टेकी, डोळे मिटी, हात आत घाली आणि सांगे, "पाय लागले. दोन्ही पुढचे. त्याच्यावर नाक आहे. सरळ आहे, होईल." तिचं ते "सरळ आहे" ऐकलं की मेंढीवाल्याचा जीव भांड्यात पडे.

कोकरू येतं ते असंच, पुढचे पाय आधी आणि पायांवर नाक टेकून. पाय लागले की मेंढपाळाला हायसं वाटतं. पाय न लागता नुसतंच डोकं लागलं की घोर लागतो. हे त्या घरात कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. ते अंगातच मुरलेलं होतं.

सुनेच्याही अंगात ते मुरलं होतं, कारण तीही मेंढपाळाचीच. आईबाप लहानपणीच गेले. काकूनं वाढवलं. काकू वाईट नव्हती. पोटाला घातलं, अंगाला घातलं, पण घातलेलं रोज बोलून दाखवलं. लग्न होऊन इथं आल्यावर सासूला "आई" म्हणायचं असं ठरलं, तेव्हा पहिले काही महिने तो शब्द हिच्या तोंडातून निघेना. मग एक दिवस शिंग लागून तिची करंगळी सोलली, आणि ती एकदम "आई गं!" म्हणून ओरडली. हातवाली दोन उड्यांत आली आणि म्हणाली, "काय गं?" तेव्हापासून शब्द सुटला तो सुटलाच.

तिला तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी मात्र दम भरला होता. "व्यायला झालेल्या मेंढ्यांजवळ फिरकायचं नाही. त्यांचं पाणी, वार, ओली कोकरं, कशालाही शिवायचं नाही. पोटातल्याला बाधतं. कळलं?" सुनेला कळलं होतं. पण सगळं घर मेंढवाड्यात आणि आपण अंगणातल्या ओट्यावर, हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं. मेंढवाड्याची दगडी भिंत कमरेएवढीच, त्यामुळे सगळं दिसायचं. दिसायचं, आणि करता काही यायचं नाही. ती ओट्यावर बसून जुन्या चादरींचे लंगोट शिवायची आणि तिथूनच हाका मारायची.

"अहो, त्या बांड्या मेंढीला पाणी दाखवलंत का?"

"दाखवलं."

"प्याली का?"

"तूच ये आणि विचार तिला," फावड्या म्हणायचा. मग एकदम आठवून, "नको नको, येऊ नको! तिथंच बस!"

फावड्यानं बाळासाठी लाकडाचं खाटलं करायला घेतलं होतं. फळ्या रंधून रंधून गुळगुळीत केल्या, चारी बाजूंनी कठडा लावला, आणि मोठ्या अभिमानानं ते आणून बायकोपुढे ठेवलं. तिनं एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"झकास झालंय," ती म्हणाली. "पण ही गव्हाण आहे."

"गव्हाण कशी असेल?"

"मग ह्या बाजूला चारा ओढायला फटी कशाला ठेवल्यात?"

फावड्यानं डोकं खाजवलं. हात आयुष्यभर गव्हाणीच करत आलेले. त्यांनी त्याला न विचारता फटी ठेवल्या होत्या. त्यानं दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्या फटी पट्ट्या ठोकून बुजवल्या, आणि त्या पट्ट्यांमुळे ते खाटलं आणखीनच गव्हाणीसारखं दिसायला लागलं. हसून हसून सुनेच्या पोटात कळ आली, तेव्हा तो घाबरून पळाला आणि तिला धरायला आईलाच हाक मारत सुटला.

हातवाली तिसऱ्या प्रहरी घरात यायची. आली की आधी गरम पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायची, साबण लावून, पुन्हा पुन्हा, नखं ब्रशनं घासून. कपडे बदलायची. मग चुलीसमोर तळवे शेकायची. मग सुनेच्या शेजारी बसून बाळाच्या गादीसाठी धुतलेली लोकर बोटांनी मोकळी करायची. आणि कधीतरी, न सांगता, एक हात सुनेच्या पोटावर ठेवायची. नुसता ठेवायची. सून दिवसभर त्या एका क्षणाची वाट पाहत असे. तिला कोणी असं धरलेलं आठवत नव्हतं. पोट तर निमित्त होतं. खरं म्हणजे तो हात आपल्यावरच ठेवलाय असं तिला वाटे, आणि हातातली सुई तशीच थांबे.

एका दुपारी हातवालीनं नेहमीसारखा हात ठेवला आणि मग डोळे मिटले. दुसराही हात ठेवला. वर दाबलं, खाली दाबलं.

"वर डोकं आहे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "हे बघ, टणक. आणि खाली पाय. पाय लागतायत चांगले." तिनं डोळे उघडले. चेहरा उजळला होता. "सरळ आहे गं पोरी! काही काळजी नाही."

दारात फावड्या उभा होता. "पाय खाली आहेत?"

"खाली."

"मग झालं की," तो म्हणाला.

सुनेनंही मान डोलावली. तिघंही खूश. हातवालीनं चहा टाकला, आणि त्या हंगामात पहिल्यांदाच त्या घरात तिघांनी एकत्र बसून गरम चहा प्यायला. एवढी तीन मोठी माणसं, पण माणसाचं पोर डोक्याकडून येतं हे एकालाही त्या घडीला आठवलं नाही. हातवालीला आपलं बाळंतपण आठवत होतं ते एवढंच, की डोळे गच्च मिटून ओरडले आणि उघडले तेव्हा फावड्या शेजारी होता. पाय लागले म्हणजे सरळ, हे तिच्या बोटांनी ठरवलं होतं, आणि बोटांनी ठरवल्यावर त्या घरात कोणी फेरविचार करत नसे.

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. सून गादी शिवत होती, हातवाली कोकरं घेत होती, फावड्या गवत वाहत होता. मग नर्सबाई आल्या. स्कूटर चिखलात रुतली म्हणून बांधाशीच सोडून, चपला हातात घेऊन, वैतागत आल्या.

"झोप," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला फिरतच होतं लबाड. आता बसलंय का जागेवर बघू."

"बसलंय," सून आनंदानं म्हणाली. "आईंनी बघितलं ना. पाय खाली आहेत. एकदम सरळ."

नर्सबाईंचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"पाय खाली आणि डोकं वर. सरळ."

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या त्या गव्हाणीकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. वाईट मनाचं हसू नव्हतं ते, पण आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बाई, तुला काय कोकरू व्हायचंय का? कोकराचे पाय आधी येतात! माणसाचं डोकं यावं लागतं खाली, डोकं!"

सूनही हसली असती. पण तिची नजर दाराकडे गेली. हातवाली उंबऱ्यात उभी होती. आताच धुतलेले हात कोपरापर्यंत ओले, पाणी टपटप खाली गळत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

नर्सबाईंनी हसणं आवरून तपासलं. नीट, वेळ घेऊन तपासलं. ठोके ऐकले. मग त्यांचा चेहरा कामाचा झाला. "मावशी, तुमच्या बोटांना लागलं ते खरंच आहे. डोकं वरच आहे. पण त्यालाच उलटं म्हणतात. हिला घरी ठेवायचं नाही. पुढच्या आठवड्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरीणबाई वरून हातांनी फिरवून बघतील. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर ऑपरेशन करतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कळा सुरू व्हायच्या आत तिथं असली पाहिजे. सोबत एक बाई लागेल, चार-आठ दिवस राहावं लागेल."

"हो," हातवाली म्हणाली.

नर्सबाई चपला हातात घेऊन गेल्या. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, पण एवढी मजेची गोष्ट पोटात ठेवणं माणसाला जमत नाही. दुकानाशी त्यांनी ती सांगितली, आणि दुकानदारीणबाईंनी ती आल्यागेल्याला वाटली. संध्याकाळी फावड्या तेल आणायला गेला तर त्या म्हणाल्या, "काय रे, बायकोला ओला चारा घालतोस की सुका?" फावड्या हसला. घरी येऊन त्यानं ते सांगितलंही, सगळे हसतील म्हणून. हातवाली हसली नाही. ती उठून मेंढवाड्यात गेली.

त्या दिवसापासून तो हात पोटावर आला नाही.

बाकी सगळं तसंच होतं. हातवाली तिसऱ्या प्रहरी यायची, हात धुवायची, लोकर घ्यायची. पण बसायची चुलीच्या पलीकडे. सुनेनं एकदा पोट पुढं करून म्हटलं, "आई, हे बघा, कसं लाथा मारतंय."

"मारू दे," हातवाली म्हणाली. हातातली लोकर बाजूला झाली नाही. "माझे हात मेंढ्यांचे आहेत. वास येतो त्यांना. बाळाला नको."

"वास कसला? साबणानं तर सोलून निघालेत."

"नको म्हणते ना."

मग तिनं लोकरीकडेच पाहत सांगितलं, "तुझ्या काकूला निरोप धाडायला सांगितलाय फावड्याला. शहरात ती येईल तुझ्याबरोबर. तिची चार बाळंतपणं झालीत. तिला कळतं माणसांचं."

सुनेच्या हातातला दोरा तुटला. काकू म्हणजे दवाखान्यात दिवसभर उशाशी बसून काय काय सोसलं ते मोजणार. काकूचा फोनही आला. येते म्हणाली, पण स्वतःची उशी घेऊन येणार, कारण दवाखान्याच्या उशीवर तिची मान धरते. आणि मागच्या खेपेला पाठवलेल्या तुपाचं काही बोलली नाहीस म्हणाली. सुनेनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिला भीती वाटली. ऑपरेशनची नव्हे. त्या पांढऱ्या खोलीत आपल्याला धरायला कोण असेल, याची. आई हवी होती तिला. हीच आई, चुलीपलीकडे पाठ करून बसलेली. पण मेंढ्या सोडून चला म्हणायचं कसं? विणीच्या दिवसांत हातवाली कधी कुठं गेली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली नव्हती. निम्मा कळप अजून व्यायचा होता.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, भुरभुर पाऊस लागला असताना एक तरणी मेंढी अडली. पहिल्याच वेताची. सून गोणपाट डोक्यावर घेऊन ओट्यावर उभी राहिली. फावड्यानं मेंढीला धरलं. हातवालीनं गुडघे टेकले, हात आत घातला, डोळे मिटले. पावसाचं पाणी तिच्या मानेवरून ओघळत होतं. नेहमीपेक्षा वेळ लागला. मग तिनं हात बाहेर काढला आणि तळव्याकडे बघत बसली.

"काय आहे?" फावड्यानं विचारलं.

"पाय लागतायत."

"मग सरळ आहे?"

हातवालीनं तळवा गवताला पुसला. फावड्यानं पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला नाही कळत. गुरांच्या डॉक्टरला बोलव."

फावड्या आ वासून बघतच राहिला. गुरांचा डॉक्टर यायचा तर सांज झाली असती. मेंढी जमिनीला मान लावून कण्हत होती. एवढ्या वर्षांत "मला नाही कळत" हे शब्द त्या मेंढवाड्यात कोणी ऐकले नव्हते.

ओट्यावर सुनेच्या अंगाची आग झाली. नर्सबाईंचा राग आला, दुकानदारीणबाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा आला. ती भिंतीच्या दिशेनं चार पावलं आली, मग दम भरलेला आठवून तिथंच चिखलात थांबली आणि तिथून ओरडली.

"आई! हात घाला आत!"

"तू मागं हो," हातवाली म्हणाली.

"मी मागंच आहे! हात घाला! ती मेंढी आहे! मी नाही, मेंढी आहे ती! मेंढीचे पाय आधीच येतात!"

फावड्या आधी हसला. हसायची वेळ नव्हती, पण त्याला राहवलं नाही. मग हातवालीचा खांदा हलला. तिनं तोंडावरचं पाणी कोपरानं पुसलं आणि हात आत घातला.

"काय लागतंय?" सून ओरडली.

"पाय."

"किती?"

हातवालीचे डोळे मिटले होते. "दोन. नाही. तीन." ती थांबली. "तीन पाय आहेत. अगं, दोघं आहेत! दोघांचे गुंतलेत." तिचा आवाज बदलला. तो नेहमीचा झाला, हुकमी. "फावड्या, मागचं अंग उचल तिचं. उचल! हां. ह्याला मागं ढकलते. तू आत जा रे बाबा, तुझी पाळी नंतर. आता हा. हा पाय ह्याचा. हा पण ह्याचाच. आलं, नाक आलं."

पहिलं कोकरू गवतावर पडलं, चिकट, पिवळट, कान चिकटलेले. तिनं त्याच्या नाकातोंडातलं पुसलं, गवताच्या काडीनं नाकात गुदगुल्या केल्या, ते शिंकलं. मग दुसरं आलं, पहिल्यापेक्षा लहान. तरणी मेंढी मान वळवून दोघांना चाटायला लागली. हातवाली तिथंच चिखलात मागं बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि फावड्याला काय करावं ते सुचेना म्हणून त्यानं बादली उचलली.

सुनेला वाटलं, आत्ताच. आत्ता नाही तर कधीच नाही. तिला भिंतीजवळ जाता येत नव्हतं, म्हणून जे कानात सांगायचं ते तिला ओरडून सांगावं लागलं.

"मला काकू नको!"

हातवालीनं वर पाहिलं.

"मला तुम्ही हव्यात! दवाखान्यात! तुम्हाला माणसांचं कळत नाही तर नाही! तिथं कळणारे आहेत की! तुम्ही नुसत्या बसा माझ्याजवळ!"

बांधावरून जाणारा दूधवाला थांबून ऐकायला लागला. ऐकू दे, सुनेला वाटलं. सगळ्या मुलखानं ऐकू दे.

हातवालीनं शेजारच्या मेंढ्यांकडे पाहिलं. गाभण, जड, एकमेकींना टेकून उभ्या. "आणि ह्या?" ती म्हणाली.

सून चिखलात तशीच उभी राहिली. पाऊस जोरात आला तेव्हा फावड्यानं तिला घरात जायला सांगितलं, आणि ती गेली.

त्या रात्री हातवाली हात धुऊन आली, जेवली, झोपली. दुसरा दिवसही तसाच. मधे एकदा ती फावड्याला मेंढवाड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली आणि बराच वेळ काहीतरी समजावत होती. फावड्या मान हलवत होता. होकाराची की नकाराची, ते ओट्यावरून कळत नव्हतं.

जायच्या दिवशी सकाळी सून पिशवी भरून दारात आली. लंगोट, टोपडी, चादर, साबण. बाहेर शेजाऱ्याचा टेम्पो उभा होता, आणि टेम्पोत पुढच्या बाकावर, ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून, हातवाली बसली होती. हात मांडीवर. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, आणि कातडी घासून घासून लाल झालेली.

"काकू?" सुनेनं विचारलं.

"येऊ नको म्हणून कळवलं. रागावली." हातवाली सरकून बसली. "तूप परत पाठव म्हणाली. बस."

सून बसली. पिशवी मांडीवर घेऊन ती टेम्पोच्या काचेवरच्या चिखलाकडे बघत राहिली. फावड्या मेंढवाड्याच्या भिंतीशी उभा होता. एवढा मोठा गडी, पण आई निघाली म्हणून त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"तुझा हात मोठा आहे तर चार बोटंच घाल," हातवालीनं खिडकीतून ओरडून सांगितलं. "आणि घाई करू नको! आणि त्यांच्याशी बोल! गप्प राहू नको, त्या घाबरतात!"

टेम्पो निघाला. वळणापर्यंत ती मागं वळून बघत होती. वळण गेल्यावर पुढं बघायला लागली.

दवाखान्यात खाटांची लांबच लांब खोली होती, आणि सगळीकडे फिनेलचा वास. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी सुनेला झोपवलं, यंत्र लावलं, मग दोन्ही हातांनी बाळाला फिरवायला घेतलं. दुखत होतं. हातवाली भिंतीला पाठ लावून उभी होती, हात मागं बांधलेले, आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटांवरून तिची नजर हलत नव्हती.

थोडं फिरल्यासारखं झालं आणि मूल पुन्हा मूळ जागी आलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. डॉक्टरीणबाई थांबल्या. "हट्टी आहे," त्या म्हणाल्या. "आता जास्त त्रास द्यायला नको. ठोके छान आहेत, बाळ मजेत आहे. परवा सकाळी ऑपरेशन करू." मग सहज त्यांनी विचारलं, "घरी कोणी तपासलं होतं का?"

भिंतीकडून आवाज आला, "मी. मेंढीसारखं तपासलं. पाय लागले म्हणून मी बरं म्हणाले."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पाय ओळखलेत ना," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

हातवाली खाटेजवळच्या स्टुलावर येऊन बसली. हात अजून मांडीवरच. सुनेनं मग वाट बघितली नाही. तिनं तो लाल, घासलेला हात मनगटाला धरून उचलला आणि आपल्या पोटावर ठेवला. हात आधी ताठ राहिला. मग सैल पडला, पसरला. आतून एक लाथ आली, अगदी तळव्यावर. हातवालीनं हात काढला नाही. सुनेनं डोळे मिटले, आणि एवढ्या दिवसांची झोप तिला त्याच क्षणी लागली.

जाग आली ती हातवालीच्या आवाजानं. उन्हं कलली होती. हातवाली फोन कानाला लावून, मेंढवाड्यात बोलावं तशी मोठ्यानं बोलत होती, आणि सगळ्या खाटांवरच्या बायका माना उचलून ऐकत होत्या.

"नुसतं डोकंच लागतंय? पाय नाही? मग मागं ढकल त्याला. अरे आत! हळू. आता बोट खाली सरकव, गुडघा सापडेल. सापडला? वाकव. खूर बोटांत झाकून धर, तिला आतून लागता कामा नये. हां. आता दुसरा." समोरच्या खाटेवरची बाई डोळे विस्फारून बघत होती. एकीनं पायांवर चादर ओढून घेतली. "आता ओढ. तिची कळ येईल तेव्हाच ओढ. बोलतोयस ना तिच्याशी? बोल!"

मग फोनमधून एक बारीक, चिरका आवाज आला. कोकरू ओरडलं. खोलीतल्या सगळ्या बायकांनी तो ऐकला, आणि दोघीतिघी हसल्या. एवढं सगळं बोलताना हातवालीचा डावा हात सुनेच्या पोटावर जिथं होता तिथंच होता.

फोनवर फावड्याचा आवाज आनंदानं फुटत होता, त्यामुळे खाटेवर पडल्या पडल्या सुनेलाही ऐकू येत होता. "जमलं आई! मला जमलं! पण ऐक ना. ती बुरकी मेंढी आता कधीही व्यायला बसेल. ती माझ्या हाताला उभी राहत नाही, तुला माहितीय. तू आजच्या शेवटच्या गाडीनं ये. उद्याचा दिवस थांब, संध्याकाळी परत जा. ऑपरेशन परवाच आहे ना? तोवर तिथं नुसतं बसूनच राहायचंय की!"

त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. सुनेलाही ते पटलं. उद्या दिवसभर इथं खरोखरच काही काम नव्हतं. "जा आई," असं म्हणायला हवं होतं, पण तिनं भिंतीकडे तोंड वळवलं.

हातवालीनं पोटावरचा हात जरा दाबून ठेवला.

"नाही रे," ती फोनमध्ये म्हणाली. "मला नाही येता येणार. माझी एक इथं अडलीय."